धवलारणीच्या पोटातलं पाणी

मंदीचा राग आला नसता तर मी कधीच गेले असते. हे आधीच सांगून टाकते, कारण किडनी गेलेल्या माणसाला जो भेटतो तो मन शांत ठेवायला सांगतो. ध्यान करा, नामस्मरण करा, सगळ्यांना माफ करून टाका. मीपण सगळ्यांचं ऐकलं, मान हलवली, आणि घरी येऊन मंदीला कसं रडवायचं ते ठरवत बसले. त्या विचाराने मला भूक लागायची. ज्यांना माफ करून बरं वाटतं त्यांनी खुशाल करावं. ज्यांना नाही वाटत, त्यांच्यासाठी मी हे लिहितेय. पोटात नळी आणि डोक्यात राग, दोन्ही घेऊन जगता येतं.

मंदी म्हणजे माझी धाकटी जाऊ. घर एकच, आम्ही खाली, ती वर. आमचं गाव डोंबिवलीला, खाडीच्या अंगाला. आम्ही आगरी. सासरे मिठागरावर होते. आता मिठागर नाही, तिथे टॉवर झाले, आणि आमच्या गच्चीवरून त्यांचा स्विमिंग पूल दिसतो.

मी धवलारीन आहे. बाहेरच्यांना हे सांगावं लागतं. आमच्या लग्नात भटजी असतो, पण त्याच्याआधी आणि त्याच्यावर धवलारीन असते. नवऱ्या मुलाला पाटावर कधी बसवायचं, कलश कोणी उचलायचा, हळद पहिली कोणी लावायची, हे ती गाऊन सांगते. मी एक ओळ सोडते, मागे बसलेल्या बायका ती झेलतात. ह्या गाण्याला धवला म्हणतात. धवल्यात नावं घ्यावी लागतात आणि आमच्या गावात त्यांचा क्रम ठरलेला आहे. आधी देव, मग धरतरी, मग घरातली गेलेली माणसं, मग नवऱ्या मुलाची आई, मग बाप, मग काका, मामा, आत्या, आणि सगळ्यात शेवटी ज्याने मांडव घातला तो. ज्याचं नाव राहिलं तो माणूस वर्षभर तोंड लपवून फिरतो. मी कधी कोणाचं राहू दिलं नव्हतं.

सासूबाईंनी आम्हा दोघींनाही धवला शिकायला बसवलेलं. मंदीचा आवाज चढला की फाटायचा. सासूबाईंनी एक दिवस तिला म्हटलं, "तू झेल धर, बाय. पुढं ही गाईल." मंदीने ते गिळलं, पण पचवलं नाही.

रिपोर्टच्या दिवशी

पाय सुजायचे. मला वाटायचं मांडवात बसून बसून सुजतात. गुडघ्यांसाठी मेडिकलवाल्याकडून गोळ्या घ्यायचे, बीपीची गोळी आठवली तर घ्यायचे. मग जेवण जाईना, तोंडाला कसलीतरी घाण चव येऊ लागली, आणि एका हळदीत उभी राहिले ती धपकन खाली बसले.

माझी मुलगी स्वाती ठाण्याला वर्तकनगरला राहते. तिने ओढत तिकडच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण होता. त्याने रिपोर्ट पाहिला, मग आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं, मग स्वातीकडे. माझ्याकडे पाहीना.

"मला सांगा की," मी म्हटलं. "किडन्या माझ्या आहेत ना?"

मग सांगितलं त्याने. दोन्ही गेल्यात. परत येणार नाहीत. डायलिसिस लागणार.

मी विचारलं, "गाता येईल का?"

त्याला वाटलं माझ्या डोक्यावर परिणाम झाला. स्वाती रडायला लागली. आमचे हे खिशातून रुमाल काढून चष्मा पुसत बसले, बराच वेळ. मग रिक्षाने घरी निघालो. मला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. पण रडू येत नव्हतं.

घरी आलो तर मंदी जिन्यात उभी. तिने सगळं ऐकून घेतलं, पदर तोंडाला लावला, च्‌च्‌ केलं, आणि ह्यांना म्हणाली, "म्हंजे आता वयनीचं गानं गेलं बगा."

बाई, तुझी किडनी गेली असं नाही. गाणं गेलं. पहिलं तिला तेच दिसलं. त्या रात्री मी रडले ते तिच्या त्या वाक्याला.

नळी

आधी कल्याणच्या सेंटरला मशीनवर जायचे. हातात फिस्टुला करतात, म्हणजे शिरा जोडून जाड करतात. माझा एकदा बंद पडला, दुसऱ्यांदा केला, तोही बंद पडला. मशीनवरून उतरले की अंगात काही उरायचं नाही. मग डॉक्टर म्हणाले, पोटाचं डायलिसिस करू. घरीच करायचं, स्वतःच करायचं.

सोप्या भाषेत सांगते. बेंबीच्या बाजूने पोटात एक मऊ नळी घालतात, तिचं टोक बाहेर राहतं. त्यातून पिशवीभर औषधी पाणी पोटात सोडायचं. ते काही तास पोटात राहतं, रक्तातली घाण त्यात उतरते. मग ते पाणी खाली दुसऱ्या पिशवीत काढायचं आणि नवीन भरायचं. दिवसातून चारदा. सुट्टी नाही, सणवार नाही.

शिकायला मी स्वातीकडे राहिले. सिस्टर कडक होती. "आजी, नळीचं टोक उघडं असताना तुम्ही देवाचं पण ऐकायचं नाही." दार बंद, खिडकी बंद, पंखा बंद, तोंडाला मास्क, हात कोपरापर्यंत धुवायचे आणि स्वच्छ नॅपकिनला पुसायचे. बाहेर आलेलं पाणी फिकट चहासारखं आणि आरपार दिसलं पाहिजे. पिशवीखाली छापील कागद धरायचा. अक्षरं वाचता आली की ठीक. नाही आली तर ताबडतोब हॉस्पिटल.

आजी म्हणालेलं मला आवडलं नव्हतं, पण शिकले. दोनदा रडले, एकदा पिशवी सिस्टरच्या अंगावर सांडली. तिने नुसतं "परत" म्हटलं.

घरी आल्यावर खालची मागची खोली माझी झाली. जिथे पूर्वी भाताची पोती असायची तिथे पिशव्यांचे खोके. मीठ बंद झालं. मिठागरवाल्याच्या सुनेला मीठ बंद! सुकट बंद, जवळा बंद, लोणच्याकडे बघायचं पण नाही. पण एक चांगलं झालं. ह्या डायलिसिसमध्ये अंगातलं प्रोटीन जातं, म्हणून डॉक्टरांनी मासे खायला सांगितले. सांगितले, बरं का, नुसते चालतील म्हणाले नाहीत. आमचे हे दुसऱ्या दिवशी सकाळीच बाजारात. बिनमिठाचा असेना, बोईटाचा तुकडा तोंडात गेला आणि मला वाटलं, जगते मी.

खोलीच्या दारावर मी खडूने फुली मारायचे. फुली असली की आत यायचं नाही. लहान पोरांनासुद्धा कळायचं.

कुंकू

संक्रांतीचे दिवस होते. दुपारची वेळ. दारावर फुली मारून मी आत बसलेले, जुनं पाणी काढून झालेलं, नवीन पिशवी हुकाला टांगलेली. नळीचं टोपण उघडून जोडायला घेतलं, आणि दार धाडकन उघडलं.

मंदी. मागे गल्लीतल्या चार बायका, नटून. हातात हळदीकुंकवाचं ताट.

"मंदे, दार लाव! फुली दिसली नाय तुला?"

"दिसली गो. दोन मिनटांचं काम हाय. बाया कवाशा इचारतात, वयनी कुठं, वयनी कुठं." आणि बायकांना म्हणाली, "या ना, बगा तरी. असं पोटातनं पानी काडतात."

तिने पंखा लावला. बायका घामाघूम झालेल्या म्हणून. जत्रेत दोन तोंडांचं वासरू बघतात तशा त्या बघत होत्या. माझ्या एका हातात नळीचं उघडं टोक, दुसऱ्या हातात पिशवीची नळी. मी काय करणार? आणि मंदीने चिमूटभर हळद, चिमूटभर कुंकू घेतलं आणि पुढे आली.

आता ज्या बायका हे वाचत असतील त्यांनी मला सांगावं. सवाशिणीने कुंकू पुढे केलं आणि नको म्हणायचं? नवरा जिवंत असताना? माझ्या तोंडून तो शब्दच निघेना. सिस्टर म्हणाली होती देवाचं पण ऐकायचं नाही. पण सिस्टरला आमची संक्रांत माहीत नव्हती. मी मान पुढे केली. मंदीने सढळ हाताने कुंकू लावलं, पंखा फरफर फिरत होता, आणि ते सगळं माझ्या मांडीवर, हातावर, नळीवर पडलं. मी लाल टोकाकडे बघत राहिले.

"सुखी रहा," मंदी म्हणाली आणि बायकांना घेऊन गेली. पंखा चालूच.

मी स्वातीला फोन केला. तिने सिस्टरला. सिस्टर म्हणाली, काही जोडू नका, तसंच टोक बांधून इकडे या. गेलो. नळीचं टोक बदललं, औषध दिलं. पण जे व्हायचं ते झालंच. दोन दिवसांनी पाणी काढलं, खाली कागद धरला, आणि एक अक्षर दिसेना. ताकासारखं पाणी. मग पोट असं दुखायला लागलं की मी माझ्या आईला हाका मारल्या, आणि माझी आई मी लहान असताना गेलेली.

शहाळं

हॉस्पिटलातले दिवस मला सलग आठवत नाहीत. पडदा हिरवा होता. सकाळी झाडूवाली बाई यायची तेव्हा फिनेलचा वास यायचा आणि मला बरं वाटायचं, कारण म्हणजे उजाडलं. पोटात पाणी भरताना त्यातच अँटिबायोटिक टाकायचे. डॉक्टर येऊन पिशवी उजेडाला धरायचे आणि काही न बोलता जायचे. एकदा बोलले, "आज-उद्या नाही निवळलं तर नळी काढावी लागेल." नळी काढली तर परत मशीन, आणि माझे हात तर दोन्ही संपलेले. मग कुठून टोचणार होते?

मंदी भेटायला आली. शहाळं घेऊन! किडनीच्या माणसाला शहाळं म्हणजे विष, हे हॉस्पिटलात पहिल्या दिवशी सांगतात. आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. तिने ते टेबलावर ठेवलं, स्ट्रॉसकट.

मी म्हटलं, "मंदे, तुझ्या कुंकवाने झालं हे."

"मी कय केलं? कुकूच त लावलं. कुकवानं कोनाला कय झालं व्हय कवा?" आणि ह्यांच्याकडे वळून, "भाऊजी, आजारानं वयनीचं डोकं फिरलंय."

आमचे हे गप्प बसले. ती गेल्यावर म्हणाले, "जाऊ दे ना. लग्नघर आहे. निलेशचं लग्न ठरलंय, आता भांडण नको."

निलेश मंदीचा मोठा. त्याच्या पाठची पल्लवी. दोघं माझ्या मांडीवर वाढलेली. निलेशचं लग्न ठरलं हे मला हॉस्पिटलात कळलं, ते पण असं.

"तुम्ही कोणाचे नवरे आहात?" मी ह्यांना विचारलं. "माझे की लग्नघराचे? जल्ली मेली तुमची शांती!" शेजारच्या पेशंटने पडदा सरकवून बघितलं. मी पुढचे दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. ते खुर्चीत बसून राहायचे, माझे पाय चेपायचे, आणि मी पाय ओढून घ्यायचे. आज आठवलं की वाईट वाटतं. पण तेव्हा नव्हतं वाटत.

शहाळं शेजारच्या पेशंटच्या पोराला दिलं. आणि त्या पलंगावर पडल्यापडल्या मी ठरवलं. निलेशच्या हळदीला धवला मीच गाणार. आणि मंदीचं नाव घेणार नाही. गावासमोर, तिच्याच अंगणात, तिच्याच पोराच्या हळदीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्यातून अक्षरं दिसली. अंधुक, पण दिसली. डॉक्टर म्हणाले औषध लागू पडलं. औषधाला काय कळतंय, म्हटलं मनात.

विडा

घरी आले तर गावात बोलबाला झालेला. वयनीच्या पोटातलं पाणी सडलं. गटारासारखं काढतात. अशा बाईने नवऱ्या मुलाला हळद लावायची? मंदीने खडवलीच्या हौसाबाईला सांगावा धाडलेला. हौसाबाई चांगली धवलारीन. डीजेही ठरवलेला, म्हणजे कोणी मला आठवणार नाही.

मी निवांत माझ्या पिशव्यांचे खोके मोजत बसले. कारण एक गोष्ट मंदी विसरलेली, आणि मी विसरले नव्हते.

हौसाबाईचा फोन आला. "बाय, तुमच्या मंदानं बोलावलंय. तू कवा गेलीस गो? मना कोनी कलवलं नाय."

"कुठे गेले?"

"गेलीस म्हंजे... वर."

"हौसाक्का, मी खुर्चीत बसून तुझ्याशी बोलतेय."

मग ती अशी तापली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. धवलारणींची एक रीत आहे. ज्या घरात धवलारीन जिवंत आहे त्या मांडवात दुसरी धवलारीन पाय ठेवत नाही, जोवर घरची स्वतःच्या हाताने विडा देत नाही. पान, सुपारी, नारळ. विडा दिला म्हणजे मी जागा दिली. मंदीने तिला मी मेले असं सांगितलं नव्हतं, एवढंच म्हणाली होती की घरची धवलारीन आता नाही.

"तू विडा दिलास तरच मी येन," हौसाबाई म्हणाली. "देतंस?"

"नाय."

"मंग झालं."

चार दिवस मंदी वरून खाली आली नाही. पाचव्या दिवशी आली, हातात पान-सुपारी-नारळाचं ताट. स्वतःच आणलेलं! मी फक्त उचलून हौसाबाईला द्यायचं होतं.

"वयनी, तुझ्या जिवासाठीच बोलतंय. दम लागतो तुना. येवढा बसनं व्हईल का?"

"ताट खाली ठेव."

ठेवलं.

"ते मी देणार नाही. गावात दुसरी कोणी गाणार नाही. धवला नाही झाला तर निलेशला पाटावर बसवता येणार नाही. आता बोल."

तिच्या तोंडाचा रंग उडाला. किती गोड वाटलं म्हणून सांगू. बिनमिठाच्या जेवणाला एवढी चव नव्हती.

"मंग तू गा," ती हळूच म्हणाली.

"मोठ्याने."

"तू गा, वयनी."

दम

आता गायचं कसं? पोटात दोन लिटर पाणी असलं की श्वास खाली जातच नाही. धवल्याची ओळ लांब असते, मध्ये तोडली की बायकांना झेलता येत नाही. मी दार लावून म्हणून बघायचे. अर्ध्या ओळीत संपायचे. खोकला यायचा.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, गायच्या आधी पाणी काढून टाका, काही तास पोट रिकामं ठेवलं तर चालेल, पण लांबवू नका. तोच तो तरुण डॉक्टर. ह्या वेळी माझ्याकडे बघून बोलला. "गाता येईल का असं तुम्ही विचारलेलंत. तेव्हा मला उत्तर माहीत नव्हतं."

रिकाम्या पोटाने रोज सराव केला. आमचे हे दाराबाहेर बसून झेल धरायचे. पुरुष कधी झेल धरत नाहीत! बेसूर, पण धरायचे. एकदा ओळ संपल्यावर बाहेरून म्हणाले, "मंदाचं नाव घेतलं नाहीस आत्ता. पुढे गेलीस."

"विसरले."

"तू आयुष्यात विसरलेली नाहीस." मग म्हणाले, "तुला काय करायचं ते कर. मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं, हॉस्पिटलात. नाही बोललो."

मी आतून पुढची ओळ सोडली. पण त्या दिवसापासून पाय ओढून घेतले नाहीत.

हळद

मांडव अंगणभर. डीजेचे खोके माणसाच्या उंचीचे. मी पोट रिकामं करून, नळी पट्ट्यात बांधून, वरून नऊवारी नेसून आले. डीजे सुरूच. पोरं नाचतायत, पल्लवी नाचतेय, मंदी नवी साडी नेसून जिकडेतिकडे. पाहुणे माझ्या पोटाकडे बघतायत. मी पाटासमोर बसले आणि तोंड मिटून घेतलं.

निलेश आला. "काकी, सुरू कर ना."

"तो भोंगा बंद कर आधी. माझं पोट रिकामं आहे रे बाळा, मला वेळ नाही."

निलेशने स्वतः जाऊन वायर काढली. मांडव एकदम शांत. मी पहिली ओळ सोडली.

खोटं नाही सांगत, आवाज पहिल्यासारखा नव्हता. खाली बसलेला, जरा खरखरीत. पण पोचला. मागून बायकांनी झेलला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. देव घेतले. धरतरी घेतली. सासूबाईंचं नाव घेतलं, सासऱ्यांचं घेतलं. मग मंदी पुढे सरकली. क्रम तिला पाठ. तिने पदर नीट केला, कलश हातात धरला, मान जरा खाली घातली. नाव ऐकायला तयार झाली.

मी बापाचं नाव घेतलं.

बायकांची झेल अडखळली. कोणीतरी माझ्या पाठीला हात लावला, विसरलीस म्हणून. मी पुढे गेले. काका, मामा, आत्या. मंदी कलश घेऊन तशीच उभी. शेवटी मांडव घालणारा पप्पू आला, तो घाबरून हात जोडून उभा राहिला, आणि धवला संपला. हळद पहिली कोणी लावायची ते मी सांगायचं असतं. मी आत्याला सांगितलं.

मंदी रडली नाही. मला वाटलेलं रडेल. ती जिना चढून वर गेली आणि तिने दार लावलं. मी माझ्या खोलीत येऊन दारावर फुली मारली, हात धुतले, पोटात पाणी भरलं. आनंद झाला का? झाला. कोणी विचारलं की मी हेच सांगते. झाला, आणि झोप छान लागली.

लग्नाच्या सकाळी

सकाळचं पाणी काढत होते. बाहेर कोणीतरी उभं होतं, पावलांचा आवाज थांबला होता. पण दार उघडलं नाही.

"कोण आहे?"

"मी हाय. तुझं झालं की सांग."

मी मुद्दाम हळू केलं. पाणी काढलं, भरलं, टोपण लावलं, हुकावरची रिकामी पिशवी उतरवली. लग्नघरात वरमायला किती कामं असतात ते मला माहीत होतं. ती उभी राहिली.

दार उघडलं तर मंदी, तोंडाला मास्क, उलटा लावलेला. मी म्हटलं, "हात धू. कोपरापर्यंत." ती मोरीवर गेली, साबण लावून धुतले. "परत." परत धुतले. मग मी पोटातून काढलेल्या पाण्याची पिशवी तिच्या हातात दिली. "ओत जा."

तिने पिशवी उजेडाला धरली. फिकट पिवळं, आरपार. पलीकडची खिडकी दिसत होती तिच्यातून.

"येवढंच हाय?"

"गटाराचं वाटलं होतं?"

ती गेली, ओतून आली, न सांगता हात परत धुतले. मग दारातच उभी राहून म्हणाली, "फुली दिसलेली मना. मुद्दाम उघडलं दार. सगल्या बाया तुलाच इचारत व्हत्या. माझ्या घरी हळदीकुकू, आन्‌ इचारतात तुना. मना वाटलं, बगू देत एकदाच हिला अशी." तिचा आवाज फाटला, सासूबाईंच्या वेळी फाटायचा तसा. "पन तू मरशील असं नव्हतं वाटलं गो. खरंच नव्हतं."

माफ केलं असं म्हणायला तोंड उघडेना, आणि खोटं मला बोलायचं नव्हतं.

"आज नाव घेशील?" तिने विचारलं.

"मांडवात ये आणि ऐक."

मुहूर्ताआधी पोट परत रिकामं करून मांडवात बसले, आणि घेतलं मी नाव. देव झाले, धरतरी झाली, गेलेली माणसं झाली. बाप, काका, मामा, आत्या. मंदी उभी, डोळे माझ्यावर. मांडव घालणाऱ्या पप्पूचं नाव घेतलं, त्याने हात जोडले. आणि मग, सगळ्यात शेवटी, मंदीचं. सगळा मांडव माझ्याकडे बघायला लागला. वरमाय, मांडववाल्याच्या नंतर! पण ती ओळ पहिली कोणी झेलली असेल? मंदीनेच. फाटक्या आवाजात, मोठ्याने, स्वतःचं नाव.

पंगती उठल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. बोईटाचा तुकडा आणलेला, बिनमिठाचा, वेगळा काढून ठेवलेला.

"पल्लवीच्या लग्नाला तरी पप्पूच्या आधी घे," ती म्हणाली.

पल्लवीचं अजून ठरायचंय. मुलगी शिकतेय, तिला घाई नाही. म्हणजे मला तोवर थांबायलाच लागणार.

"बघू," मी म्हटलं. "तोवर हात कसे धुतेस त्यावर."